दोन दिवसांच्या महोत्सवासाठी पंचवीस दिवस उलटे मोजताना

मे महिन्यात भाताची लावणी दाखवायची तर हाताशी तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, हवा, आणि तो २१ ते २५ दिवसांचा हवा. आमच्या गावच्या शेती-खाद्य महोत्सवाचं सगळं वेळापत्रक इथून उलटं मोजत निघतं. मंडप, बॅनर, स्पीकर आठवड्याभरात होतात. तरवा, आमसूल, उकडा तांदूळ आणि आढीतला आंबा होत नाहीत. चार वर्षं तयारीची बाजू सांभाळताना जे कळलं ते सिंधुदुर्गातल्या आणि आसपासच्या गावांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आधी तारीख. चाकरमानी गावात असतात म्हणून सगळ्यांना मेचा शेवटचा आठवडा हवा असतो. तो देऊ नये. २०२१ मध्ये मेच्या मध्यावरच तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं, तर २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता, कोकणात त्याच्याही आधीपासून झोडपत होता. दुसरा शनिवार-रविवार त्यातल्या त्यात बरा. हापूस अजून असतो, रातांबे (कोकमाची फळं) भरात असतात, कापा फणस पिकायला लागलेला असतो. ओले काजूगर मात्र तोवर संपतात. त्यांची उसळ जाहिरातीत छापायची असेल तर मार्चमध्येच गर सोलून फ्रीजरमध्ये टाकायला हवेत, नाहीतर सुके काजू भिजवून वेळ मारून न्यावी लागते आणि खाणाऱ्याला ते पहिल्या घासाला कळतं.

परवानग्यांबद्दल एवढंच: ग्रामपंचायतीचा ठराव, स्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज, स्टॉलवाल्यांची अन्नसुरक्षा नोंदणी हे तीन आठवडे आधी हातावेगळं करा. पण त्याच्याही आधी मानकऱ्यांना विचारून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घाला. हा क्रम चुकला की कागद पुरे असूनही माणसं येत नाहीत.

लावणीसाठी वायंगणी कुणगा, म्हणजे उन्हाळी भाताचं छोटं शेत, निवडा. वायंगण एप्रिलमध्ये कापलेलं असतं, पाणी जवळ असतं आणि खालची माती जुन्या चिखलणीने घट्ट बसलेली असते. भरडी, म्हणजे उंचावरची, जांभ्याची जागा घेतलीत तर ओतलेलं पाणी रातोरात खाली उतरतं. एक गुंठ्यावर १० सेंटीमीटर पाणी उभं करायचं म्हणजे साधारण १०,००० लिटर लागतं, आणि तापलेली माती भिजायला जवळपास तेवढंच त्याआधी. विहिरीचा पंप दोन रात्री चालवायची तयारी ठेवा. चिखलणी आदल्या दिवशी करा, आठ दिवस आधी नको. मेच्या उन्हात वर पापडी धरते आणि रोप टोचताना बोटं सोलतात.

तरव्याला बी थोडंच लागतं. गुंठ्याला अर्धा किलो पुरतं, पण उन्हाळ्यात मर जास्त म्हणून आम्ही किलोभर टाकतो. बी २४ तास भिजवायचं, पोत्यात बांधून वर वजन ठेवायचं, दीड दिवसात मोड येतात. मग ते मोड आलेलं बी, म्हणजे रहू, चिखलाच्या वाफ्यावर फेकायचं. पहिले पाच दिवस वाफ्यावर माडाची झावळं आडवी टाका. पहिल्या वर्षी आम्ही ती टाकली नाहीत. निम्मा तरवा पिवळा पडला, उरलेला चिमण्यांनी टिपला, आणि लावणीच्या वेळी मुलांच्या हातात दोन-दोन काड्या आल्या. मेमध्ये लावलेलं हे भात पुढे राखायच्या भानगडीत पडू नये. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, बियाणं असलं तर ते ऑगस्टच्या ऐन पावसात पिकेल आणि आडवं होईल. गुरांना घाला किंवा नांगरून टाका.

जोत सकाळी सातला जुंपा, नऊला सोडा. बैल मेमध्ये चिखलाला नवे असतात, लवकर दमतात. जोत चालू असताना स्पीकर पूर्ण बंद, आवाज कमी नव्हे, बंद. नांगर महिनाभर आधी उतरवून बघा: फाळ सैल असतो, जुवाच्या शिवळा (बैलाच्या मानेच्या बाजूच्या खुंट्या) कुणीतरी दुसऱ्या कामाला नेलेल्या असतात. नांगरानंतर गुटा, म्हणजे चिखल सपाट करायची फळी, फिरवल्याशिवाय लावणी सुरू करू नका. उंचवट्यावर लावलेली रोपं दुपारपर्यंत माना टाकतात आणि फोटोत तेवढीच दिसतात.

उकड्या तांदळाला आठ दिवस धरा. भात संध्याकाळी पाण्यात तापवून वाफ धरली की उतरवायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पुन्हा उकडायचं, टरफल फाटायला लागलं की निथळायचं. मग एक दिवस ऊन, पुढे सावली. घाईने दोन्ही दिवस कडक उन्हात टाकलंत तर दाण्याला भेगा पडतात आणि वायनात (उखळात) मुसळाखाली कण्याच होतात. कांडपाचं प्रात्यक्षिक उकड्या भाताचंच ठेवा. उकडताना दाण्यातलं पिठूळ शिजून घट्ट बसतं, म्हणून नवख्या हाताचे घावही तो सोसतो.

आंबा दहा दिवस आधी, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठासकट उतरवलेला हवा. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि पिकताना देठाकडून कूज लागते. सकाळी दहाच्या आत उतरवा आणि सावलीत न्या. तापलेल्या जमिनीवर दुपारभर ठेवलेल्या हापूसमध्ये साका (आतला पांढुरका, न पिकलेला गर) जास्त निघतो, आणि साका बाहेरून दिसत नाही, गिऱ्हाईकासमोर कापल्यावर दिसतो. आढीत पेंढ्यावर तीनच थर. कार्बाईडला कायद्याने बंदी आहेच.

आमसुलाची खरी अडचण अशी की एका दिवसात दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. माणूस येतो, लाल साल बघतो, काळं आमसूल बघतो आणि मधलं त्याला कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे चार टप्प्यांनी सुरुवात करणं: महोत्सवाच्या सात, पाच, तीन दिवस आधी आणि त्याच सकाळी, प्रत्येक वेळी दहा किलो रातांबे. फळ दोन भागांत फोडायचं, गर-बिया वेगळ्या काढून त्यात अर्धा किलो मीठ घालायचं, रस सुटतो. साली दिवसभर उन्हात, रात्री त्या रसात, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असे चार-पाच फेरे. चार सुपांत चार रंग शेजारी शेजारी ठेवले की बोलावं लागत नाही. भांडं स्टीलचं किंवा चिनीमातीचं घ्या. रातांब्याचं आम्ल ॲल्युमिनियम आणि तांबं खातं. मळभ आलं तर साली रसातच राहू द्या, ओल्या सुपात ठेवल्या की बुरशी धरतात. दहा किलो रातांब्यांचं हाती येतं किलो-सव्वा किलो, म्हणून विक्रीचा माल वेगळा करून ठेवा. बिया टाकू नका, मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, काढणाऱ्या बाया त्या मागून नेतात.

गर्दी मात्र सगळ्यात जास्त शिरवाळ्यांना, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या शेवयांना, होते. आणि सगळ्यात जास्त फसतं तेही तेच.

किलोभर तांदळाच्या पिठाला सव्वा लिटरच्या आसपास उकळतं पाणी, चवीला मीठ. पीठ पाण्यात ढवळून पाच मिनिटं झाकायचं, मग हात पोळतील इतकं गरम असतानाच मळायचं. मुठीएवढे मुटके करून उकळत्या पाण्यात सोडायचे. ते तळाला बसतात, पंधरा-वीस मिनिटांनी वर येतात. वर आला तो झाला, पण आणखी दोन मिनिटं थांबा, मध्ये कच्चा राहिला की साच्यातून सुटा भुगा पडतो. तो मुटका पाण्यातून काढून थेट लाकडी साच्यात, आणि दांड्यावर दोन माणसं. खाली केळीचं पान धरायचं, शिरवाळे गोल गोल पडतात.

गार मुटका साच्यातून जात नाही. जोर लावला तर दांडा मोडतो. आमच्या साच्यावर बसणारी आजी एवढंच सांगते, ‘गोळो थंड झालो काय साचो मोडतलो, शिरवाळे येवचे नाय.’ तरी दरवर्षी कुणीतरी उत्साही माणूस वीस मुटके एकदम काढून ताटात मांडतो. एका वेळी दोनच काढा. साच्याच्या आत खोबरेल चोळा, आणि दर दहा मुटक्यांनी तळाची चाळण गरम पाण्यात बुडवून काढा, भोकं बुजली की शिरवाळे एका बाजूला वळतात. साचे दोन ठेवा. एकावर ३०० पानं होत नाहीत, दुपारी बारालाच रांग रागावते.

हिशेब साधारण असा: १५ किलो पिठात ३०० लहान पानं होतात. वरून घालायच्या रसाला ५५-६० नारळ आणि आठ किलो गूळ. गूळ आधी किसून थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, गाळा, गार करा, मग नारळाच्या दुधात घाला. गूळ घातलेलं दूध चुलीवर ठेवलं की फाटतं. तासा-दीड तासाला ताजा रस काढा. सकाळी एकदाच पातेलं भरून ठेवलं तर मेच्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतं, आणि वेलची घालून तो वास झाकता येत नाही. सोलकढीचंही हेच, तिला ३०० छोट्या पेल्यांना ४० नारळ लागतात. नारळ खवायला चार विळ्या आणि चार माणसं वेगळी नेमा. हे काम कुणाच्या यादीत नसतं आणि सगळं त्याच्यावर अडतं.

केळीची पानं आदल्या संध्याकाळी कापा, धुऊन चुलीच्या धगीवरून एकदा फिरवून घ्या. मऊ पडतात, शिरेवर फाटत नाहीत. फणस फोडणाऱ्याने हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावावं हे इथे कुणाला सांगायला नको, पण मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या हातात कोयता देणार असाल तर आधी बाटली द्या.

रविवारी रात्री सगळे दमलेले असतात आणि साचा तसाच पडवीत राहतो. तो त्याच रात्री धुवा. पीठ एकदा सुकलं की भोकांतून सुईनेच काढावं लागतं, आणि ओलाच ठेवला तर पावसाळ्यात लाकूड काळं पडून चतुर्थीला घरातल्या शिरवाळ्यांना कुबट वास येतो. गरम पाण्याने धुऊन, सावलीत दोन दिवस वाळवून, आतून तेलाचा हात फिरवून माळ्यावर चुलीच्या बाजूला टांगा.