मांडीतली टणक गाठ

मी तालुक्याच्या गावात फिजिओथेरपिस्ट आहे. त्या सकाळी बारावीतला एक कबड्डीपटू आईसोबत लंगडत आला. पाच आठवड्यांपूर्वी पकडीत कुणाचा तरी गुडघा त्याच्या मांडीत जोरात बसला होता. गुडघा वाकवायला सांगितला, तर साठ अंशांपुढे जाईना. मांडीच्या पुढच्या अंगाला हाताला लांबट, टणक गाठ लागली.

"पहिल्या दिवसापासून शेक देतेय मॅडम, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून," आई म्हणाली. "गावातल्या मालीशवाल्यानं तेल लावून रगडलंही. म्हणाला, रक्त साकळलंय, मोकळं करायला पाहिजे."

मी त्यांना लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुपारी एक्स-रे आला. मांडीच्या हाडापासून थोडं सुटं, स्नायूच्या आतच नवं हाड धरत होतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स.

"कॅन्सर आहे का?" मुलानं थेट विचारलं. या वयात मांडीत गाठ म्हटल्यावर ती शंका आम्हालाही घ्यावीच लागते. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली: कड पांढरी, पक्की, मधला भाग फिकट. हाडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा याच्या उलट दिसतं. तरी महिन्यानं पुन्हा एक्स-रे काढायचा ठरला. घाईनं तुकडा काढून तपासला तर कोवळ्या अवस्थेतल्या या पेशी कॅन्सरसारख्या दिसून फसवू शकतात.

आईचा प्रश्न जास्त अवघड होता. "माझ्या शेकानं झालं का हे?"

नुसत्या माराने, शेक न देताही असं हाड धरू शकतं, हे मी तिला आधी सांगितलं. पण शेकाचा काहीच संबंध नाही, असं मला म्हणवेना. स्नायू चेचला की बारीक रक्तवाहिन्या फाटतात. सुरुवातीच्या दिवसांत ऊब दिली की त्या रुंदावतात, रक्त आणखी साचतं. रगडलं की भरू लागलेली जखम पुन्हा फाटते. दुरुस्तीला आलेल्या पेशींतल्या काही मग हाड बनवू लागतात. पुरचुंडी असो की खोलवर ऊब देणारं आमचं डायथर्मीचं यंत्र, अशा ताज्या मारावर दोन्ही नकोत. पहिल्या दिवशी गुडघा सोसेल तितका वाकवून पट्टी बांधायची आणि कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवायचा, एवढंच हवं होतं.

शेक, मालीश बंद. गुडघा त्यानं स्वतःच, दुखेल तिथे थांबून वाकवायचा. दुसऱ्या कुणी ओढायचा नाही. अशी गाठ बऱ्याचदा हळूहळू लहान होते. ऑपरेशन लागलंच तर हाड पूर्ण पिकल्यावर, म्हणजे सहा महिने ते वर्षभरानं. त्याआधी काढलं तर ते पुन्हा वाढण्याची भीती असते. यंदाच्या स्पर्धा गेल्या हे ऐकून पोरगा रडला, आणि मला त्याला थोपवावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी मी त्या मालीशवाल्याकडे गेले. त्याच्या हाताखालून आठवड्याला जेवढी पोरं जातात तेवढी माझ्याकडे येत नाहीत. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तेल कितव्या दिवशी लावू?"

"मार ताजा असेल तर नकोच. आणि मांडीत गाठ लागली, गुडघा अडकला, तर कधीच लावू नका. पोराला माझ्याकडे पाठवा."

त्यानं माझा नंबर भिंतीवर खडूनं लिहून घेतला.