सहीच्या आधीचं काम

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलंत. स्वतःविषयी लिहिण्यापेक्षा नागरिकशास्त्राच्या तासाला अर्धवट राहिलेला एक विषय घेतो. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतात, एवढंच आपण पाठ केलं. सहीपूर्वी फाइल तपासतात म्हणजे काय, ते उत्तर प्रदेशचे माजी राज्यपाल राम नाईक यांच्या कारकिर्दीत दिसतं.

जन्म 1934 चा, सांगलीचा. शाळा आटपाडीची, बी.कॉम. पुण्याच्या बीएमसीसीतून, कायद्याची पदवी मुंबईत. नोकरीची सुरुवात अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात कारकून म्हणून. पुढे बोरिवलीचे तीनदा आमदार, उत्तर मुंबईचे पाचदा खासदार, वाजपेयी सरकारात पेट्रोलियम मंत्री. तरी मला त्यांच्यातला कारकूनच मोठा वाटतो, आणि हे कौतुकानेच म्हणतोय.

22 जुलै 2014 रोजी ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या सदस्यांना राज्यघटनेच्या कलम 171(5) प्रमाणे साहित्य, विज्ञान, कला, सहकार किंवा समाजसेवा यांतलं विशेष ज्ञान वा प्रत्यक्ष अनुभव लागतो. 2015 मध्ये सरकारकडून नऊ नावं आली. नाईकांनी चार मान्य केली, उरलेली फेरविचारासाठी परत पाठवली. एरवी ही कलमाची अट बघायची तसदी कोण घेतो? पक्षाची यादी येते आणि तशीच पुढे सरकते.

भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकायुक्तांच्या नेमणुकीची फाइल त्याहून अवघड. तिथल्या कायद्यानुसार नेमणुकीआधी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि विरोधी पक्षनेता, दोघांशी विचारविनिमय हवा. सरकार न्या. रवींद्र सिंह यांच्याच नावावर अडून बसलं, मुख्य न्यायमूर्तींचा आक्षेप होता, म्हणून फाइल राजभवनातून पुन्हा पुन्हा परत गेली. मग सरकारने मुख्य न्यायमूर्तींची भूमिकाच वगळणारं दुरुस्ती विधेयक मंजूर करून घेतलं. त्यावर राज्यपालांची संमती मिळाली नाही. अखेर डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः न्या. वीरेंद्र सिंह यांना नेमलं, पण जानेवारी 2016 मध्ये तो आदेश मागे घेऊन न्या. संजय मिश्रा यांची नेमणूक केली. फाइल अडवून धरली की गाडं असं कोर्टापर्यंत जातं, हीसुद्धा या पद्धतीची किंमत आहे. विधेयकावर किती दिवसांत निर्णय घ्यायचा, याची मुदत घटनेच्या कलम 200 मध्ये लिहिलेलीच नाही.

जुलै 2019 पर्यंत नाईक लखनौला होते. दरवर्षी कामाचा छापील अहवाल काढत: आलेली पत्रं, भेटलेली माणसं, दीक्षान्त समारंभ. असा अहवाल काढायचं बंधन राज्यपालांवर घटनेत कुठेही नाही.