डोंबिवली ते राजापूर : भावाच्या लग्नाचा प्रवास आणि माणगावची रात्र

धाकट्या भावाच्या लग्नासाठी सतरा आसनांची गाडी ठरवताना गाडीमालकाने आम्हाला दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या. पहिली, मुंबई-गोवा महामार्ग आता पूर्ण झाला आहे, त्यामुळे रात्री दहाला डोंबिवली सोडली की सकाळी सहाला राजापूर. दुसरी, गाडी गावात उभी राहील त्या दिवसांचे पैसे लागणार नाहीत. दोन्ही खोट्या निघाल्या. मे महिन्यात घरचे कार्य घेऊन कोकणात उतरणाऱ्या कुटुंबांनी आमच्यासारखे फसू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुलीचे माहेर आणि आमचे मूळ घर, दोन्ही राजापूर तालुक्यात आहेत. शनिवारी सकाळी आमच्या घरी देवक बसवायचे, संध्याकाळी मुलीकडे सीमांतपूजन आणि रविवारी दुपारचा मुहूर्त, असा बेत होता. नवरदेव, आई-वडील, ब्याऐंशी वर्षांची आजी, दोन आत्या, काका-काकू आणि चुलतभावंडे असे सर्वजण याच गाडीत होते. ही आमची पहिली चूक. ज्यांच्यावाचून विधी अडतो ती माणसे एकाच वाहनातून, तेही आदल्या रात्री, कधीही नेऊ नयेत.

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड हा टप्पा बरा गेला. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले. त्यातला बराच रस्ता आता सिमेंटचा आहे आणि त्यावरून गाडी चांगली धावते. अडचण पुढे आहे. इंदापूर आणि माणगाव या दोन्ही गावांची बाह्यवळणे आम्ही गेलो तेव्हा अपूर्ण होती, त्यामुळे चौपदरी रस्त्यावरून वेगाने आलेली सगळी वाहने अखेर बाजारपेठेतल्या जुन्या, अरुंद रस्त्यात शिरतात. त्यातच ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे आलेली पुण्याची वाहने आणि मोर्बा रस्त्याने श्रीवर्धन, दिवेआगरकडे जाणारे पर्यटक माणगावातच एकमेकांना छेदतात. शुक्रवारच्या रात्री या तिन्ही प्रवाहांना भरती असते.

आम्ही दोनच्या सुमारास इंदापूरला पोहोचलो आणि माणगावच्या बाहेर पडलो तेव्हा पावणेसहा वाजले होते. या पावणेचार तासांत पुरुष गाडीतून उतरून पाय मोकळे करत होते, परंतु बायकांना जाण्यासारखे स्वच्छतागृह रांगेच्या आसपास कोठेही नव्हते आणि आजीने त्या भीतीने रात्रभर पाण्याचा घोट घेतला नाही. तिचे पाय घोट्यांपर्यंत सुजले. धाकट्या आत्याच्या मुलाला दोनदा उलटी झाली. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री हा पट्टा ओलांडण्याचा विचारच सोडावा. निघायचे असल्यास मंगळवारी किंवा बुधवारी पहाटे चारला निघावे आणि कोलाडच्या आधी, जिथे बरे उपाहारगृह दिसेल तिथे, सर्वांनी उतरून घ्यावे.

पुढे तक्रारीला फारशी जागा नाही. कशेडीच्या बोगद्यामुळे जुन्या घाटाची वळणे टळतात आणि पोटात ढवळणाऱ्यांना तेवढाच दिलासा मिळतो. हातखंब्याला साडेदहा झाले आणि आम्ही घरी पोहोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. आठच्या देवकासाठी आलेले भटजी थोरल्या काकांच्या विनंतीवरून थांबले होते, म्हणून कार्य पार पडले. नवरदेवाने विहिरीवर दोन तांबे पाणी घेतले आणि तसाच पाटावर बसला. सीमांतपूजनाला आम्ही वेळेवर पोहोचलो; लग्न उत्तम झाले.

आता पैशांविषयी. बुधवारी हिशेब आला तेव्हा रविवार, सोमवार आणि मंगळवार या तिन्ही दिवसांचे प्रत्येकी 300 किलोमीटर धरलेले होते. गाडी त्या तीन दिवसांत मिळून पन्नास किलोमीटरही धावली नव्हती. किलोमीटरला 28 रुपये या दराने 25,200 रुपये केवळ फणसाखाली उभ्या असलेल्या गाडीचे झाले, आणि चालकाचा रात्रीचा भत्ता वेगळा. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान 300 किलोमीटर धरण्याची पद्धत सर्रास आहे. तोंडी आश्वासनाला तिथे काही किंमत नाही. मुक्काम दोन दिवसांहून अधिक असेल तर फक्त सोडण्यापुरती गाडी करावी, परतीची वेगळी ठरवावी आणि गावातल्या फेऱ्यांसाठी तिथलीच रिक्षा किंवा जीप सांगावी. जे ठरेल ते लिहून घ्यावे.

पुन्हा करायचे झाले तर मी वडीलधाऱ्यांना कोकण रेल्वेनेच पाठवीन. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, म्हणून मुहूर्त ठरताच त्या तारखेची खूण करावी. राजापूर रोड स्थानक शहरापासून बरेच दूर असल्याने उतरवून घेण्यासाठी कोणीतरी वाहन घेऊन हजर असणे आवश्यक आहे. एसटीचाही विचार करावा: महिलांना अर्धे तिकीट लागते आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांचा राज्यांतर्गत प्रवास विनामूल्य आहे. आजीचे भाडे शून्य झाले असते, ही गोष्ट मला अजूनही टोचते. मोठे वऱ्हाड असेल तर आगारात प्रासंगिक कराराची, म्हणजे पूर्ण बस भाड्याने घेण्याची, चौकशी करावी.

परतताना आम्ही महामार्गाकडे वळलोच नाही. ओणीवरून पाचल, अणुस्कुरा घाट चढून मलकापूर, कोकरूड, कराड आणि तिथून पुणेमार्गे द्रुतगती मार्ग, असे आलो. अंतर वाढते आणि टोलही लागतो, परंतु गाडी कोठे अडली नाही. घाट चढणीचा आणि तीव्र वळणांचा आहे, पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. मे महिन्यात दिवसाउजेडी, घाटाची सवय असलेला चालक असेल तरच हा मार्ग घ्यावा. उलटी होणाऱ्यांना पुढच्या आसनांवर बसवावे आणि पाचल सोडण्यापूर्वी त्यांना पोटभर जेवू देऊ नये. आजी या वेळी पुढे बसली होती. मलकापूरला तिने स्वतःहून पाणी मागितले.