किती आले?

"किती आले रे?"

आबांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्याच कॉटशी ओणवी होऊन जखमेला लावलेल्या ड्रेनच्या नळीतून पिशवीत किती पाणी जमलंय ते बघत होते. मुलगा ताटलीत मऊ भात कालवत होता. त्याला काही कळलं नाही. "कशाचे किती आले?"

"मपल्या किडनीचे."

भात कालवणारा हात थांबला. आबा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते, छताकडे बघून बोलत होते. आवाजात राग नव्हता. "मला इचारलं असतंस तर म्या न्हाई म्हणलो नसतो, लेकरा. बहिणीच्या लग्नाचं कर्ज हाय, दुकानाची उधारी हाय, ठाऊक हाय मला. दिली असती म्या. पण खडा म्हणून कामून आणलंस?"

मुलाने ताटली लॉकरवर ठेवली आणि तो वॉर्डाबाहेर गेला.

संभाजीनगरच्या एका रुग्णालयात सतरा वर्षं मी सर्जरीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. रडणं, ओरडणं, शिव्या, मृत्यू, सगळं बघून झालंय. पण त्या दुपारी माझ्या हातातली नोंदवही मी उलटी धरली होती, हे मला बऱ्याच वेळाने लक्षात आलं. आबांना विचारूनच हे लिहितेय. नाव-गाव सांगत नाही, जालना जिल्हा एवढं पुरे.

अठ्ठावन्न वर्षांचे, चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. गळ्यात माळ. मंगळवारी त्यांची डावी किडनी काढली होती. वरच्या भागात आठ सेंटिमीटरची गाठ होती. गाठ लहान असली की तेवढाच भाग कापून किडनी वाचवता येते. यांच्या बाबतीत भोवतालच्या चरबीसकट पूर्ण काढावी लागली. बरगडीखालून पोटाकडे आलेला वीतभर काप.

त्यांना काय सांगितलं होतं? खडा.

सीटी स्कॅनचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी मुलाला पॅसेजमध्ये गाठून सांगितलं. मुलगा तसाच माझ्याकडे आला. "शिष्टर, आबांपुढं तो शब्द काढू नका. खचतील ते. खड्याचं ऑपरेशन म्हणून सांगतो." असं सांगणारी पोरं मला दर आठवड्याला भेटतात, आणि त्यातली बहुतेक आपल्या बापावर जीव टाकणारी असतात. मी बरं म्हटलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीचा फॉर्म मीच घेऊन गेले होते. त्यावर निदान मराठीत लिहिलेलं होतं, डावी किडनी पूर्ण काढण्याचं लिहिलेलं होतं. आबा चौथी शिकलेले, हरिपाठ वाचतात. त्यांनी खिसे चाचपले आणि म्हणाले, "चष्मा घरीच ऱ्हायला की." मुलगा म्हणाला, "करा सही, मी वाचलंय." त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. मी कागद फाइलला लावला आणि पुढच्या कॉटकडे गेले. डॉक्टरांना वाटलं, घरच्यांनी सांगितलं असेल. मला वाटलं, डॉक्टर सांगतील. ज्याच्या अंगावर सुरी चालणार होती त्याच्याजवळ पाच मिनिटं बसून कुणीच बोललं नाही. यात मी माझा वाटा सगळ्यात मोठा धरते, कारण चष्मा नाही हे मला दिसलं होतं.

बुधवारी सगळं छान चाललं होतं. त्यांना कॉटच्या कडेला पाय सोडून बसवलं. तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायला लावला, खोकताना उशी जखमेवर कशी दाबून धरायची ते दाखवलं. दोन चेंडू वर गेले तेव्हा ते लहान पोरासारखे हसले. फक्त एकदा म्हणाले, "खड्याच्या मानानं लईच दुखायलंय." मी म्हटलं, "दुखणारच आबा." आणि विषय बदलला.

गुरुवारी सकाळी शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचे पाहुणे आले. त्यातल्या एकाने पट्टी बघून सहज म्हटलं, "खड्याला एवढा मोठा काप? आमच्या मेव्हण्याचा तर दुर्बिणीनं काढला, तिसऱ्या दिवशी घरी." दुपारी गावाहून आबांचे धाकटे भाऊ आले. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं होतं. रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडे, आरोग्यमित्राकडे, कागद दिले, मंजुरी आली, रुपया लागला नाही. धाकट्या भावाच्या डोक्यात तेच घोळत होतं. एवढं मोठं ऑपरेशन फुकट कोण करतं? बदल्यात काहीतरी घेतलंच असणार. गावात म्हणे पारावर हीच चर्चा होती. भाऊ हे सगळं आबांच्या कानाशी बोलले, आणि मग मुलगा भात कालवायला बसला.

मी बाहेर गेले तर तो पाण्याच्या कूलरपाशी भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. पंचवीस-सव्वीसचा असेल. नखांत अजून शेतातला मळ. म्हणाला, "मी कागदांसाठी आठ दिवस तहसील आणि इथं पळतोय. कापूस झाडावर लोंबतोय. आणि बाप म्हणतो, किती आले." मग म्हणाला, "त्याहून वाईट काय माहितीये का शिष्टर? ते म्हणाले, दिली असती."

मी त्याच्याजवळ खाली बसले. इतकंच म्हटलं, की आता लपवायला काही उरलेलं नाही, आणि खरं जितकं वाईट आहे त्याच्या दसपट वाईट ते आत पडल्या पडल्या धरून बसलेत.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. चारपर्यंत येणार नव्हते. ते दोन तास फार लांब गेले. धाकट्या भावाचा आवाज चढला, बाकीच्या कॉटवरचे नातेवाईक भोवती जमले. मी त्यांना हात जोडून बाजूला घेतलं. अवयव देण्या-घेण्याचा १९९४ चा कायदा आहे, देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय आणि ठरलेल्या तपासण्या-मंजुऱ्यांशिवाय कुणाला किडनी बसवता येत नाही, हे सांगितलं. एवढी मोठी गाठ असलेली किडनी तर कुणाच्याच कामाची नाही. ती फॉर्मॅलिनच्या डब्यात पॅथॉलॉजीत तपासायला गेलीय, पोहोचल्याची नोंद आहे, हवी तर दाखवते, असंही म्हटलं. ते गप्प झाले, पण पटलं नव्हतं. माणसाने आधीच एकदा फसवल्यावर त्याचं पुढचं खरं कोण ऐकणार? आबा उजव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पायथ्याशी बसून त्यांचे पाय दाबत होत्या. त्यांना कुणीच काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

डॉक्टर साडेचारला आले, अंगावर ऑपरेशनचे हिरवे कपडे तसेच. त्यांनी स्टूल ओढलं आणि आबांच्या तोंडासमोर बसले. राउंडला उभ्या उभ्या बोलतात तसं बोलले नाहीत. "आबा, तुम्हाला खडा नव्हता. किडनीत कॅन्सरची गाठ होती. म्हणून किडनी काढली. हे तुम्हाला मी आधी स्वतः सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

वॉर्डात पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

आबा म्हणाले, "दाखवा."

डॉक्टरांनी मुलाकडे बघितलं. ऑपरेशन झाल्यावर काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवतात. थिएटरच्या दाराशी स्टीलच्या ट्रेमध्ये ती किडनी मुलाला दाखवली होती, आणि त्याने विचारून फोटो काढून ठेवला होता. फोटो दाखवावा की नाही, मला ठरवता येईना. पण आबांनी हात पुढे केला होता. मुलाने मोबाइल दिला. चष्मा नसल्याने ते हात लांब करून बघत राहिले. खाली लालसर, गुळगुळीत, चांगली दिसणारी किडनी, आणि वर फुगलेला पिवळट गोळा. मग त्यांनी बोटाने त्या गोळ्याभोवती काचेवरच एक गोल काढला.

"बोंडअळी," ते म्हणाले. "वरून बोंड हिरवंगार. फोडून बघावं तवा कळतं."

"तसंच," डॉक्टर म्हणाले.

"समदी निघाली का?"

"डोळ्याला दिसत होती तेवढी सगळी निघाली. स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे पसरलेली दिसत नाही. तपासणीचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येईल, त्यात जे असेल ते तुम्हालाच सांगेन. तुम्हाला आधी."

मी लघवीच्या नोंदीचा कागद आणला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, मला काहीतरी करायचं होतं म्हणून. पहिल्या चोवीस तासांत १,४५० मिली, दुसऱ्या चोवीस तासांत १,७०० मिली. "आबा, हे एकट्या उजव्या किडनीचं काम आहे. ती चांगली आहे, आणि हळूहळू दुसरीचाही भार उचलेल." त्यांनी आकडे दोनदा विचारून घेतले.

आणि मग ते मुलाला म्हणाले, "मागल्या दिवाळीपासून लाल जात हुती."

मुलगा बघतच राहिला. आबांनी सांगितलं: लघवीतून रक्त जायचं, दुखत काही नव्हतं. दोन दिवस जायचं, मग महिनाभर स्वच्छ. उष्णता म्हणून धण्याचं पाणी पिऊन बघितलं. लग्नाचं जमत होतं, पोराच्या डोक्याला आणखी घोर नको म्हणून बोलले नाहीत. या आजाराचं हेच वाईट आहे. रक्त येतं आणि आपोआप थांबतं, आणि दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो. तेव्हाच एक सोनोग्राफी झाली असती तर कदाचित गाठ लहान सापडली असती. कृपा करून कुणी लघवीतलं रक्त, एकदाच आलेलं असलं तरी, अंगावर काढू नका.

पायथ्याकडून मावशी पहिल्यांदा बोलल्या. "मला ठाऊक हुतं. धोतर मीच धुते नव्हं."

"मग बोलली कामून नाहीस?"

"तुमी बोलला न्हाईत म्हणून."

मुलगा आबांच्या हाताला धरून रडला. आबा खोकले, मी उशी जखमेवर दाबून धरली. भात तोवर गार झाला होता, तोच त्यांनी चार घास खाल्ला.

बाराव्या दिवशी ते टाके काढायला आले. रिपोर्टही आला होता: कॅन्सर किडनीच्या आतच होता, कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. डॉक्टरांनी शब्द पाळला, आधी आबांना सांगितलं. पुढे केमो नाही, शेक म्हणजे रेडिएशन नाही. या कॅन्सरवर नेहमीची केमो फारशी चालत नाही आणि आबांना वेगळ्या औषधाचीही गरज नव्हती. फक्त ठरलेल्या वेळी स्कॅन, क्रिएटिनिन म्हणजे किडनीचं काम कळणारी रक्ताची तपासणी, आणि बीपी. दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, उरलेल्या किडनीला त्या झेपत नाहीत. दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा मावशी बाहेर बाकावर होत्या. मी त्यांना बोलवायला निघाले तर आबाच म्हणाले, "राहू द्या. तिला कशाला? ती घाबरंल."

मी थांबले. खरं तर थांबायला नको होतं.

तीन आठवड्यांनी रात्री आठला मावशींचा फोन आला. घरातून बाहेर येऊन बोलत असाव्यात, कुत्री भुंकत होती. "शिष्टर, खरं सांगा, काय आलंय रिपोर्टात? औषधच दिलं न्हाई. औषध न्हाई म्हंजी सोडून दिलं का?" हा प्रश्न मी आधी कधी ऐकला नव्हता, पण आता वाटतं, न विचारलेला तो कितीतरी जणांच्या मनात असतो. गोळ्यांची पिशवी नाही, इंजेक्शन नाही, मग डॉक्टरांनी हात टेकले असणार. तिकडे आबांचंही मन लागत नव्हतं. वेचणीला सगळं घर शेतात, आणि हे ओसरीवर. भेटायला येणारे पाहुणे कुठल्या कुठल्या गावच्या मेलेल्यांच्या गोष्टी सांगून जात. दोन दिवस जेवले नव्हते. "म्हणत्यात, आता म्या नुसतं खाणारं तोंड."

मी म्हटलं, "मावशी, रिपोर्ट मी नाही, त्यांनी सांगायला हवा. त्यांना फोन द्या." आबांना सांगितलं की ऑपरेशननंतर असं मन बसणं पुष्कळांचं होतं, त्यात कमीपणा नाही. झोप-जेवण असंच राहिलं तर डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपाय आहेत. आणि ओझं उचलू नका म्हटलंय, शेतात जाऊ नका असं कुणी म्हटलेलं नाही. सावलीला बसून वजनकाट्याचा हिशोब कोण ठेवतं? ते म्हणाले, "ती पोरं चुकतात." दुसऱ्या दिवसापासून वही त्यांच्याकडे आली, असं मुलाने नंतर सांगितलं. मावशींचं काय, ते मात्र त्या फोनवर राहूनच गेलं.

तीन महिन्यांनी तपासणीला तिघं आले. मी ओपीडीत होते. आबांनी स्कॅनचा लिफाफा माझ्यापुढे ठेवला. चष्मा या वेळी खिशात होता, पण रिपोर्ट इंग्रजीत. डॉक्टरांनी बघून सांगितलं, कुठे काही नाही. क्रिएटिनिन १.३, एका किडनीला ठीक. आबा उठले नाहीत. कागद परत माझ्याकडे सरकवून म्हणाले, "वळीनं मराठीत सांगा."

मी वाचायला लागले तसा त्यांनी हात वर केला, दाराकडे वळून मावशींना आत बोलावलं, स्वतः स्टुलावरून उठून त्यांना तिथे बसवलं.

"आता पहिल्यापसून," ते म्हणाले. "हिला ऐकू यीन असं."