अंगाला लागणं

आजी आम्हा दोघी बहिणींना शेजारी शेजारी बसवून वाढायची आणि माझ्याकडे बघत म्हणायची, "थोरलीच्या अंगाला लागतं बाई. धाकटीचं खाल्लेलं जातं कुठे, देव जाणे." मी तेव्हा आठ वर्षांची होते. तिच्या बोलण्यात कौतुकच जास्त होतं. पण ते वाक्य मी पुढची पस्तीस वर्षं जपून ठेवलं. माझं शरीर मिळालेलं अन्न धरून ठेवतं, धाकटीचं सोडून देतं, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

गेल्या वर्षी आम्ही दोघींनी लाळेची जनुकीय चाचणी करून घेतली. अहवाल लांबलचक होता. मी अडकले ती एफटीओ नावाच्या, वजनाशी जोडलेल्या जनुकाच्या ओळीवर. डीएनएमधल्या त्या एका जागी माझ्यापुढे ए-ए ही अक्षरं लिहिली होती, धाकटीपुढे टी-टी. मला आई आणि बाबा दोघांकडूनही ए मिळाला, तिला दोघांकडून टी. याचा अर्थ आईबाबा दोघंही ए-टी असणार. मी कागदावर चार चौकटी आखल्या. वरच्या कोपऱ्यात मी, तिरक्या कोपऱ्यात ती, आणि मधल्या दोन रिकाम्या, न झालेल्या भावंडांच्या. तो कागद अजून माझ्या खणात आहे.

हे अक्षर आपल्या सोळाव्या गुणसूत्रावर असतं. २००७ साली 'सायन्स'मध्ये ३८,७५९ लोकांच्या तपासणीवरचा निबंध आला. संशोधक खरं तर मधुमेहाशी जोडलेली जनुकं शोधत होते. एक जागा सापडली, पण वजनाचा हिशेब वजा केल्यावर मधुमेहाशी तिचं नातं उरलंच नाही. म्हणजे ती जागा मुळात वजनाचीच होती. ए-ए असलेल्या प्रौढांचं वजन टी-टी वाल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त निघालं. जन्माच्या वजनात फरक नव्हता, सातव्या वर्षी मात्र तो दिसत होता. आणि हे जास्तीचं वजन मुख्यतः चरबीचं होतं.

तीन किलो. आमच्या दोघींत चौदा किलोंचा फरक आहे. त्यातला सगळा मी या अक्षराच्या खात्यावर टाकू शकत नाही, आणि टाकायचाही नाही. २०१८ पर्यंत सुमारे ७ लाख लोकांची माहिती एकत्र करून बीएमआयशी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या मापाशी, जोडलेल्या ९४१ जागा सापडल्या होत्या. एफटीओ त्यांतली सर्वांत ठळक, तरी माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकाचा अर्धा टक्कासुद्धा ती एकटी समजावून देत नाही. माझ्या अहवालात ती ओळ लाल रंगात छापली होती. तो लाल रंग मला आजही अन्यायकारक वाटतो.

तरीही मी या अक्षराच्या मागे लागले, कारण मला आजीचं वाक्य तपासायचं होतं. अंगाला लागतं म्हणजे नेमकं काय होतं?

२००८ मध्ये स्कॉटलंडमधल्या चार ते दहा वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला. ए असलेली मुलं विश्रांतीच्या वेळी कमी ऊर्जा जाळतात का, हेही त्यात पाहिलं. शरीराचं आकारमान लक्षात घेतल्यावर जाळण्यात फरक सापडला नाही. फरक होता समोर ठेवलेल्या जेवणात. ए असलेली मुलं त्यातून जास्त ऊर्जा घेत होती, आणि त्यासाठी ढीगभर खात नव्हती, तर जास्त ऊर्जा भरलेले पदार्थ उचलत होती. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सडपातळ, निरोगी पुरुषांची तुलना केली. काही ए-ए, काही टी-टी, वजनं सारखी. जेवणानंतर भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन हे संप्रेरक जितकं खाली यायला हवं, तितकं ए-ए पुरुषांत येत नव्हतं. त्यांची भूकही तशीच मागे रेंगाळत होती.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. अनेक वर्षांपूर्वी एका आहारतज्ज्ञांनी मला एकवीस दिवस वही ठेवायला सांगितली होती. जेवणानंतर दीड तासाने भूक किती, शून्य ते दहा. ती वही पाहून त्या म्हणाल्या होत्या, "तुमचा जिभेवर ताबा नाही." मी मान खाली घालून घरी आले होते. जिभेचा त्या वहीशी काहीच संबंध नव्हता. चवीबद्दल मी एक शब्द लिहिला नव्हता, फक्त भुकेचे आकडे प्रामाणिकपणे मांडले होते.

मग वाटलं, चला, आजी चुकली होती. माझ्या अंगाला काही वेगळं लागत नव्हतं, मला भूकच वेगळी लागत होती. पण हाही निष्कर्ष टिकला नाही. २०१४ मध्ये कळलं की हे अक्षर बसतं एफटीओच्या जागेत, पण त्याची दोरी जाते तिथून जवळजवळ पाच लाख अक्षरं दूर असलेल्या आयआरएक्स३ या जनुकाकडे. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पुढचा धागा आला. ए बरोबर सहसा वारशात येणारं शेजारचं एक अक्षर बदललेलं असलं, तर चरबीच्या पेशी घडतानाच त्यांचा कल उष्णता निर्माण करण्यापेक्षा साठवण्याकडे झुकतो. संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींत ते एकच अक्षर दुरुस्त केलं, तेव्हा त्यांची उष्णता निर्माण करण्याची क्षमता परतली. म्हणजे आजी निदान अर्धी बरोबर होती. हे वाचलं तेव्हा ती असायला हवी होती, असं फार वाटलं.

आजी स्वतः आयुष्यभर काटकुळी होती. माझ्या दोन ए पैकी एक तिच्याकडून आलेला असू शकतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या दीर्घ अभ्यासात १९४२ नंतर जन्मलेल्यांमध्ये या अक्षराचं वजनाशी नातं स्पष्ट दिसतं, त्याआधी जन्मलेल्यांत ते जवळपास दिसतच नाही. अक्षर तेच, माणसांच्या भोवतालचं जग बदललेलं. दिवसभर राबणाऱ्या अंगावर त्याला फारसं काही लिहिता येत नसावं. २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र केली, तेव्हाही हेच दिसलं: शारीरिक हालचाल असलेल्यांत या अक्षरामुळे वाढणारी लठ्ठपणाची शक्यता सुमारे २७ टक्क्यांनी कमी होती.

अहवाल आल्यावर मी पुन्हा वही ठेवली. तोच प्रश्न, तेच एकवीस दिवस. जुन्या वहीची सरासरी ४.८ होती, नव्या वहीची ६.९. दोन्ही वेळा जेवण जवळपास सारखंच होतं. मी आकडे तीनदा तपासले. नंतर स्टॅनफर्डमधला २०१९ चा प्रयोग वाचनात आला. तिथे लोकांना त्यांच्या जनुकांबद्दल चिठ्ठ्या टाकून ठरवलेली माहिती सांगितली होती, खरी असो वा नसो. तुमचं एफटीओ लठ्ठपणापासून रक्षण करणारं आहे, असं ज्यांना सांगितलं, त्यांचं पोट त्याच जेवणाने जास्त भरलं आणि रक्तातलं तृप्तीचं संप्रेरकही आधीपेक्षा अडीच पटींनी वाढलं. व्यायामाच्या गटात, दमाशी संबंधित तुमचं दुसरं एक जनुक वाईट आहे असं ऐकलेल्यांचा दम लवकर संपला. माझी नवी वही अहवाल वाचून झाल्यानंतरची होती. त्या लाल ओळीनेच मला भूक लावली असेल, तर ती चाचणी करून मी स्वतःचं नुकसान केलं.

ती वही मी बंद केली. वजन कमी करणाऱ्यांच्या आठ प्रयोगांतल्या ९,५६३ लोकांची माहिती २०१६ मध्ये तपासली गेली, तेव्हा ए असलेल्यांचं वजनही इतरांइतकंच उतरलेलं आढळलं. त्या निबंधाची प्रत मी त्याच खणात, चौकटींच्या कागदावर ठेवली आहे.

धाकटी म्हणते, "ताई, भाच्याची चाचणी करून घे ना, आधीच कळलेलं बरं." माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मी ए-ए आहे, त्यामुळे माझ्याकडून त्याला ए आलेलाच आहे, त्यासाठी लाळेची नळी भरायची गरज नाही. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. आजीचं वाक्य मात्र त्याला वाढताना दोनदा माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

परवा जेवून उठताना तो म्हणाला, "आई, पोट भरलंय, पण भूक आहे."

मी विचारलं, "कुठे आहे?"

त्याने गळ्याखाली, दोन हाडांच्या मधल्या खळगीत बोट ठेवलं. मलाही तिथेच लागते. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "माझीही तिथेच असते. चल, थोडा वेळ दोघं मिळून बघू या, जाते का."