सोलापुरात गाडी बदलू नका, उतरा

आमच्या घरात सोलापूर म्हणजे स्टँड. आईची अक्कलकोटची वारी चुकत नाही, त्यामुळे गेली पंधरा वर्षं मी पुण्याहून सोलापूरला येतोय. पण दर वेळी तेच, एका गाडीतून उतरायचं, चहा घ्यायचा आणि दुसरीत बसायचं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. यंदा डिसेंबरात मी आईला म्हटलं, आधी दोन दिवस सोलापूर, मग स्वामी. ती आधी कुरकुरली. परत येताना मात्र तिनंच सांगितलं, "हे लिहून ठेव, लोकांना कळू दे." म्हणून लिहितोय.

आम्ही पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो. मुंबईकरांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, २०२३ पासून वंदे भारतही आहे. मुक्काम स्टेशन ते सात रस्ता या पट्ट्यात कुठेही करा, तिथून सगळं हाताशी येतं. खोली घेताना पाण्याचं नक्की विचारा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आम्ही पहिल्या रात्री ज्या लॉजवर उतरलो तिथे सकाळी सहाला नळ कोरडा होता आणि आईला बादलीभर पाण्यासाठी तासभर थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी खोली बदलली.

सकाळी आधी सिद्धेश्वर. उन्हं वर यायच्या आत जा. तलावाच्या मधोमध मंदिर आहे आणि पाण्यातून गेलेल्या वाटेनं आपण आत जातो. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे या गावाचं ग्रामदैवत. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत, समाधी इथेच आवारात आहे. हा तलाव त्यांनी लोकांना हाताशी धरून खोदला असं सांगतात. दुष्काळी मुलखात देवाच्या नावानं आधी पाणी केलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. गावात आणि गावाभोवती त्यांनी स्थापलेली ६८ लिंगं आहेत. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत उंच नंदीध्वज खांद्यावर पेलून, पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी या लिंगांना तेलाभिषेक घालायला निघतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाचा. "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" म्हणत हजारो हात एकदम अक्षता टाकतात. आम्ही महिनाभर आधी गेलो, त्यामुळे ते हुकलं. तुम्हाला जमत असेल तर जानेवारीतच या, मात्र खोली डिसेंबरात ठरवून ठेवा.

मंदिरातून निघालात की शेजारीच भुईकोट किल्ला. बहामनी काळातला, दुहेरी तटबंदीचा, एका अंगाला खंदक आणि एका अंगाला तलाव. आत बाग आहे, सकाळी फिरायला येणारी माणसं आहेत, जुन्या मंदिराचे कोरीव खांब आहेत. बुरुजावर चढून तलावाकडे तोंड करून उभे राहा. मंदिराचं शिखर पाण्यात उलटं दिसतं, मागे गावातली भोंग्यांची, हॉर्नची, अजानची एकत्र गुणगुण येते. आई तिथल्या दगडावर अर्धा तास बसून राहिली. अकरानंतर तट तापतो. मार्च ते मे तर किल्ला सकाळी सातलाच उरका, दुपारी पारा चाळिशीपार जातो.

आता चार हुतात्मा चौक. इथले लोक चार पुतळे म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगा. मी शाळेत हे एका ओळीत वाचलं होतं. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर गिरणी कामगारांसह सगळं शहर रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले आणि ९ ते ११ मे या दिवसांत गावाचा कारभार गावकऱ्यांनीच पाहिला. त्यानंतर मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. चार नावं ओळीनं वाचली की हे गाव कसं आहे ते कळतं. ज्या गाडीनं आलो ती हुतात्मा कोणाची, हे आईला त्या चौकात उभं राहून कळलं. तिनं चप्पल काढून नमस्कार केला.

तिथून इंद्रभुवन जवळ आहे. आप्पासाहेब वारद यांनी बांधलेला हा वाडा, महापालिकेची इमारत. बाहेरून सावकाश बघा, नक्षी सुरेख आहे. भैय्या चौकाकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं जन्मघर आहे, आता स्मारक. १९१० साली इथे जन्मलेला मुलगा १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होता आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच गेला. लहान मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका.

दुपार मात्र पूर्व भागासाठी ठेवा, माझ्या मते खरं सोलापूर तिथे आहे. अशोक चौकाच्या पलीकडे शिरलं की पाट्या तेलुगूत, बोलणं तेलुगूत, मध्येच मराठी आणि "काय बे" तर सगळ्यांचंच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. मार्कंडेय ऋषी त्यांचं दैवत, नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो. गल्लीत शिरलात की आधी आवाज येतो, खडाखट, खडाखट. घराच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार, अशी घरं अजून आहेत. उंबऱ्यावर बायका बसून विड्या वळत होत्या, एकीकडे बोलणं चालू आणि बोटं मात्र थांबत नव्हती.

एका छोट्या कारखान्याच्या दारात आम्ही घुटमळलो, तर आतल्या काकांनी हाक मारली, "या की मावशी, आत या, काय लाजायलाय." यंत्रमागाच्या वर जॅकार्डची चौकट होती, तिच्यातून भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ सरकत होती. काकांनी सांगितलं की कुठला उभा धागा उचलायचा ते हे भोक ठरवतं. धोटा या टोकाहून त्या टोकाला झेपावतो, खाली मोराचं शेपूट एकेक ओळ करून उमटत जातं. त्यांनी चादर उलटी केली. तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल. लालच्या जागी पांढरा, पांढऱ्याच्या जागी लाल. आईनं कापड चिमटीत धरलं, म्हणाली, "माझ्या लग्नातली अशीच आहे, अजून फाटली नाही." काकांनी माग थांबवला, तिला पाणी दिलं आणि कुठल्या सालचं लग्न ते विचारलं.

खरेदीचं इथेच सांगतो, कारण मी एकदा फसलोय. काही वर्षांपूर्वी गडबडीत रस्त्यावरच्या एका दुकानातून 'सोलापुरी' म्हणून चादर घेतली, दुसऱ्या धुण्यात तिचा रंग सगळ्या कपड्यांना लागला. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरगावचा माल या नावानं सर्रास खपतो. तेव्हा चादर हातात घेऊन वजन बघा, खरी जड लागते. दोन्ही बाजू बघा. सुती आहे का ते स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. कारखान्याच्या दुकानातून घेतलीत तर भाव ठरलेला असतो, घासाघीस लागत नाही. टॉवेलही घ्या, ते चादरीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

संध्याकाळी मधला मारुती, चाटी गल्ली, नवी पेठ पायी फिरा. गर्दी भरपूर, चारचाकी अजिबात नेऊ नका. बाळीवेशीकडे मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, तिथे कानावर कन्नड पडायला लागतं. एका दिवसात तीन भाषांतून फिरल्यासारखं होतं, आणि रिक्षावाला तिन्ही बोलतो. रात्री पार्क चौपाटीवर खाऊन घ्या. मटण खाणाऱ्यांनी शीक आणि ज्वारीची भाकरी सोडू नये. शेंगाची चटणी मिक्सरची नको, कुटलेली मागा. कुटलेलीला तेल सुटतं, ती गोळा होते, बोटांना लसणाचा वास दिवसभर राहतो. शेंगापोळी प्रवासात चार दिवस टिकते.

तिसरा दिवस आणि स्वतःची गाडी असेल तर हत्तरसंग कुडल गाठा, साधारण चाळीस किलोमीटरवर, भीमा-सीनेच्या संगमावर. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. आपण बोलतो त्या भाषेतली हजार वर्षांपूर्वीची अक्षरं, "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे वाचेल तो विजयी होईल. अक्षरं पुसट आहेत, टॉर्च न्या. शेजारीच ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, त्याच्याभोवती आई दोनदा फिरली. वाटेत खायला काही मिळेल या भरवशावर राहू नका, डबा आणि पाणी बरोबर घ्या.

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. आम्हाला वेळ उरला नाही.

चौथ्या दिवशी अक्कलकोटला गेलो, तासाभराचा रस्ता. परतीला कडक भाकरीची दोन पाकिटं घेतली. ती पिशवीत अगदी वर ठेवा आणि आडवी ठेवा, चादरींच्या खाली गेली की पुण्यापर्यंत चुरा होतो.