थेरपिस्ट घरी आली की आधी काय ठरतं?

काही देशांत पेशंट हॉस्पिटलमधून घरी आला की बऱ्याचदा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आंघोळीसारखी रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी, घरीच येते. घरच्यांना वाटतं, आल्या आल्या हाताचे व्यायाम सुरू होतील. पण पहिली भेट विचारण्यात आणि बघण्यातच जाते, आणि जायलाच हवी.

विचारण्यासाठी 'सीओपीएम' (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर) नावाची मुलाखत बरीच वापरली जाते, मूळची कॅनडाची. रोजची कोणती कामं अडतात ते पेशंटनं सांगायचं आणि प्रत्येक काम किती महत्त्वाचं याला १ ते १० गुण द्यायचे. त्यातली जास्तीत जास्त पाच कामं निवडायची. मग ते काम आज किती जमतं, आणि जमतं त्यात समाधान किती, याचेही तसेच गुण. काही आठवड्यांनी पुन्हा तेच विचारतात. सरासरी दोन गुणांनी वाढली तर खरा फरक पडला असं धरतात. घोळ होतो तो प्रश्न आजोबांना आणि उत्तर सुनेचं, असं झालं की. ते पडू नयेत एवढंच तिला हवं असतं, त्यांना मात्र एकट्यानं आंघोळ करायची असते. दोघांचं म्हणणं वेगवेगळं लिहून घ्यावं.

'स्वावलंबी व्हायचंय' हे ध्येय मोजता येत नाही. 'चार आठवड्यांत, टबातल्या बाकावर बसून, हँड शॉवरनं, कुणी दाराबाहेर असताना स्वतः आंघोळ' हे मोजता येतं. त्याआधी ती कृती कोरड्या टबात करून दाखवायला सांगतात. टबाची कड किती उंच? हात कुठे जातो? हमखास टॉवेलच्या दांडीवर! ती माणसाचं वजन पेलायला बसवलेलीच नसते. भिंतीतल्या पक्क्या आधारात घट्ट बसवलेला ग्रॅब बार, म्हणजे धरायची दांडीच हवी. ट्रान्सफर बेंचचे, म्हणजे त्या बाकाचे, दोन पाय टबात, दोन बाहेर. आधी बाहेरच्या बाजूला बसायचं, सरकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. पडदा आत खोचला नाही तर जमीन ओली होते, आणि बाहेर पडताना पाय नेमका तिथेच पडतो.

प्रगती मोजायला −२ ते +२ अशी पट्टीही असते. ० म्हणजे ठरवलं तेवढं जमलं. आजची स्थिती अनेकदा −२ धरतात, पण वाढत जाणाऱ्या आजारात ती −१ वर ठेवावी. नाहीतर घसरण दाखवायला जागाच उरत नाही.

भेटीची वेळही विचार करून ठरवावी. पार्किन्सन्सच्या आजारात गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर हालचाल पार वेगळी असते. आंघोळ सकाळी सातला आणि भेट दुपारी तीनला असेल, तर कागदावरचं ध्येय दुपारच्या माणसाचं होतं.